कुठवर आला?

मुंबईहून अमरावती किती लांब, असे कोणी विचारले की आम्ही पूर्वी चटकन उत्तर देत असू. हल्ली देत नाही. विचारणारा कोण, त्याला तिथे कशासाठी जायचे आहे आणि तिथे त्याची वाट कोण पाहत आहे, हे आधी जाणून घेतो. यात लोकांना आमचा विक्षिप्तपणा दिसतो. दिसो.

आमच्या भाच्याचे मात्र तसे नाही. तो अभियांत्रिकीला आहे आणि आकड्यांवर त्याचा विश्वास आहे. बेलोऱ्याच्या विमानतळावरून प्रवासी विमाने सुरू झाल्याची बातमी आली तेव्हा त्याने दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश घेऊन आमच्यासमोरच गणित मांडले. सरळ रेषेत अंतर सुमारे ५५० किलोमीटर. जेट विमान ताशी ८०० किलोमीटर जाते असे धरले, तर उत्तर आले एक्केचाळीस मिनिटे. "म्हणजे मामा, तुमच्या घरून चर्चगेटला जायला जास्त वेळ लागतो," असे म्हणून तो हसला.

गणितात चूक काढण्यासारखे काही नव्हते. पण अमरावतीला जाणारे विमान जेट नाही. १६ एप्रिल २०२५ रोजी अलायन्स एअरचे जे विमान बेलोऱ्यास उतरले ते एटीआर जातीचे, पंख्यांवर चालणारे, सुमारे सत्तर आसनांचे होते. पूर्ण वेगात असताना ते ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जाते. वेळापत्रकात प्रवासाची वेळ लिहिली होती एक तास पंचेचाळीस मिनिटे. ५५० किलोमीटरला १०५ मिनिटे म्हणजे सरासरी वेग ताशी ३१५ सुद्धा पडत नाही. उरलेला वेग गेला कुठे? विमानाची वेळ मोजतात ती त्याने जागा सोडल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत. त्यात मुंबईच्या विमानतळावरची रांग आली. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे एका वेळी एकीवरच भिस्त ठेवावी लागते. शिवाय वर चढणे आले, खाली उतरणे आले आणि वाटेतले वळसे आले. कागदावरची सरळ रेषा आकाशातही सरळ राहत नाही, ती अशी. रेल्वेची रेषा तर त्याहून वाकडी आहे. मुंबईपासून बडनेऱ्यापर्यंत सुमारे ६६० किलोमीटर आणि पुढे अमरावतीपर्यंतचा नऊ-दहा किलोमीटरचा फाटा. मुख्य मार्ग अमरावतीला बाजूला ठेवून बडनेऱ्यावरून नागपूरकडे गेला, ही गोष्ट १८६७ पूर्वीची. अमरावतीकर तेव्हापासून गाडी बदलत आले आहेत.

आणि आम्ही तर अमरावतीचेही नव्हे. आम्ही वलगावचे. परतवाड्याच्या रस्त्याला अमरावतीपासून सुमारे दहा किलोमीटर, पेढी नदीच्या काठी. हे दहा किलोमीटर कोणत्याच वेळापत्रकात नाहीत. पण आमच्या आयुष्यातला बराच काळ याच दहा किलोमीटरांवर गेला आहे: एस.टी.ची वाट पाहण्यात, ऑटोत अर्धे बाहेर लोंबकळण्यात, पावसाळ्यात पेढीला पूर आला की पुलाच्या अलीकडे उभे राहण्यात.

अंतरे नेहमी मिनिटांत मोजली जात नसत. महानुभावांची स्थानपोथी ज्यांनी चाळली असेल त्यांना हे निराळे सांगायला नको. चक्रधरस्वामी जिथे जिथे गेले, राहिले, ती ठिकाणे त्यात नोंदली आहेत. देऊळ गावाच्या कोणत्या दिशेस, त्याचे दार कोणीकडे, हे त्यात बारकाईने सापडते. ग्रंथाचा सारा भर एकाच गोष्टीवर आहे. मागाहून येणाऱ्याला ती जागा चुकू नये. वर्गात लीळाचरित्र शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगत असू की मराठी गद्याचा हा आरंभीचा थोर ग्रंथ आमच्या वलगावाहून फार लांब नसलेल्या रिद्धपुरात सिद्ध झाला, आणि तो चालणाऱ्या माणसाचा ग्रंथ आहे. मुलांना यात परीक्षेच्या दृष्टीने काही दिसत नसे. असो.

माणसे चालत, आणि मालही चालत असे. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून गंगेकाठच्या मिर्झापुरास जाई आणि तिथून नावेने कलकत्त्यास. १८४२ साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांचे ओझे भरेल इतका कापूस कलकत्त्याकडे धाडला, असे सांगतात, ही नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. तेव्हा मुंबई अमरावतीला कलकत्त्याहून जवळ होती. नकाशा तोच होता. तरी बैल पूर्वेकडे जात. रेल्वेने कापसाचे तोंड फिरवले आणि त्याच्या मागोमाग पुढच्या पिढ्यांत माणसांचेही फिरले. आम्ही त्या फिरलेल्या माणसांपैकी.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. धाकटे काका त्यांना दादा म्हणत, ते ऐकून आम्हालाही तीच सवय लागली. दादांनी आयुष्यात मुंबई तीनदाच पाहिली, पण मुंबईची गाडी त्यांना आमच्याहून जास्त ठाऊक होती. त्यांच्या खिशात एक लहान डायरी असे. तीत अमरावती-मुंबई गाडीच्या वेळा बारीक अक्षरात उतरवलेल्या असत आणि वेळापत्रक बदलले की जुन्यावर एक रेघ मारून नव्या लिहिलेल्या असत. आम्ही रात्रीच्या गाडीने मुंबईस निघालो की दादा अंगणात बाजेवर पडून आईला सांगत, "आता मूर्तिजापूर गेलं असन." मग अकोला. मग शेगाव, तिथे हात जोडत. नांदुरा, मलकापूर. भुसावळपर्यंत आई जागी राहत नसे. मनमाड आणि नाशिक रोड दादा एकट्यानेच पार करीत. हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी आईकडून कळले.

पुढे मोबाइल आले आणि दादांना आकाशाएवढा आनंद झाला, कारण आता गाडीचा अंदाज बांधावा लागत नव्हता, विचारता येत होते. मुंबईहून गावी येताना पहाटे त्यांचा फोन यायचाच: "कुठवर आला?" एकदा झोपेत आम्ही न पाहताच भुसावळ म्हणून सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता. मग दादा म्हणाले, "भुसावळ? मंग चहावाल्यायचा आवाज कसा नाही?" गाडी भुसावळ सोडून दोन तास झाले होते.

मुंबईत असतानाही त्यांचा फोन सकाळी फार लवकर येई. आमच्याकडे अंधार असे आणि ते म्हणत, ऊन अंगणात आले. यात थोडी अतिशयोक्ती असली तरी भूगोल त्यांच्या बाजूने होता. वलगाव मुंबईच्या जवळजवळ पाच रेखांश पूर्वेला आहे. सूर्य तिथे सुमारे वीस मिनिटे आधी उगवतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. (मुंबईचे स्वतःचे निराळे घड्याळ होते, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे चालणारी ही मुंबईवेळ महापालिकेने १९५५ पर्यंत सांभाळली. दादांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, मुंबईवाले उशिरा उठतात याचा हा सरकारी पुरावा.)

त्या रात्रगाडीविषयी आणखी एक सांगायचे तर तिच्यात काही माणसे आम्हाला दरवेळी दिसत. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत एक्स-रे आणि फाइल, शेजारी डोक्याला रुमाल गुंडाळलेली बाई किंवा फार शांत झालेले पोर. परळच्या टाटा रुग्णालयाची तारीख असलेली ही माणसे. ती अंतर किलोमीटरांत मोजत नाहीत, तारखांत मोजतात: सहावी तारीख, नववी तारीख. त्यांतल्या पुष्कळांचा मुक्काम दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत. एका म्हाताऱ्याने आम्हाला विचारले होते, तुम्ही कुठले. वलगावचे म्हटल्यावर त्याने आमच्या पायाला हात लावायला घेतला. आम्ही ओशाळून पाय मागे घेतले. त्याने हात केला होता तो आमच्या गावाला.

कारण वलगाव हे गाडगेबाबांचे शेवटचे गाव. शेंडगावी जन्मलेला हा माणूस आयुष्यभर पायी हिंडला. आजारी अवस्थेत त्यांना मोटारीने अमरावतीस नेले जात होते, आणि २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, पेढीच्या काठी, त्यांचा प्राण गेला. अमरावती तिथून दहा किलोमीटर. त्याआधी चौदाच दिवस, ६ डिसेंबरला, दिल्लीत डॉ. आंबेडकर गेले होते आणि त्यांचे पार्थिव विमानाने मुंबईस आणले गेले होते. दादा त्या वर्षी अठरा वर्षांचे होते. ही दोन मरणे ते एका श्वासात सांगत. सांगताना विमानासाठी त्यांचा हात वर जाई आणि मोटारीसाठी पुलाकडे. महाराष्ट्र त्या महिन्यात दोनदा पोरका झाला, एवढेच ते शेवटी म्हणत. कोण किती अंतर चालले, कोणाचे किती उरले, याची तुलना त्यांनी कधी केली नाही. ती आमची सवय.

विमाने वऱ्हाडाच्या आकाशाला नवी नव्हती. १९४९ पासून रात्रीच्या टपालाची विमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारी दिशांनी नागपुरास येत, मध्यरात्री टपालाची अदलाबदल करीत आणि परत फिरत. आमच्या डोक्यावरून दुसऱ्यांची पत्रे गेली म्हणायची. अमरावतीच्या बेलोऱ्याला १९९२ पासून धावपट्टी होती, पण ती १,३७२ मीटरांची, पुढाऱ्यांच्या लहान विमानांपुरती. ती १,८५० मीटरांची होऊन तिच्यावर तिकीट काढलेला माणूस उतरायला २०२५ उजाडले. तोवर मुंबईहून विमानाने वलगावला जायचे म्हणजे नागपूरला उतरायचे आणि दीडशे किलोमीटर मागे यायचे.

इथे आता जे सांगायचे ते सांगितले पाहिजे.

२००९ च्या मे महिन्यात एका रात्री अकरा चाळीसला काकांचा फोन आला. दादा गेले. जेवून बाजेवर पडले आणि गेले. अमरावतीची गाडी मुंबईहून निघून साडेतीन तास झाले होते. काकांचा आवाज शांत होता, कारण त्यांना व्यवस्था करायची होती. त्यांनी एकच विचारले, "तुले किती वेळ लागन?"

आम्ही म्हणालो, "सकाळी सहाचं विमान आहे. दीड तासाचं आहे. दहापर्यंत येतो, काका."

हे वाक्य आम्ही गेली सोळा-सतरा वर्षे अनेकदा तपासून पाहिले आहे. त्यात खोटे काही नव्हते. सहाला विमान होते, ते दीड तासाचे होते, नागपूर ते अमरावती दीडशे किलोमीटर होते आणि दीडशे किलोमीटरला अडीच तास लागतात. बेरीज दहाचीच येते. भाच्याच्या एक्केचाळीस मिनिटांसारखी ती बेरीज होती. प्रत्येक आकडा खरा होता.

विमान चाळीस मिनिटे उशिरा सुटले. नागपुरास बाहेर येऊन टॅक्सी ठरवायला अर्धा तास गेला. रस्त्याचे काम चालू होते आणि तळेगावच्या अलीकडे एक ट्रक उलटला होता. दोन्हीकडच्या रांगा उन्हात उभ्या. आमचा मोबाइल रात्रभरच्या फोनांनी निकामी झाला होता आणि टॅक्सीवाल्याचा फोन मागावा हे आम्हाला सुचलेच नाही. त्या वेळी आम्ही काय करीत होतो? पुन्हा पुन्हा बेरीज करीत होतो. तळेगाव साडेदहा, तिवसा अकरा, अमरावती पावणेबारा. डायरी नसलेले दादाच जणू आमच्या अंगात शिरले होते.

पेढीचा पूल ओलांडला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. घराशी बाया होत्या. पुरुष कोणी नव्हते. आईने आमच्याकडे पाहिले आणि मोक्षधामाच्या दिशेने नुसती मान वळवली. आम्ही पोहोचलो तेव्हा सरण पेटून पाऊण तास झाला होता. अग्नी काकांच्या मुलाने दिला होता. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात लोक कडुनिंबाच्या सावलीला उभे होते. कोणी काही बोलले नाही. एकाने आमच्यासाठी पाण्याचा तांब्या आणला.

काकांनी दोष दिला नाही. तेराव्यानंतर अंगणात बसलो असताना ते आपणहून म्हणाले, "तू दहा म्हनला, म्हनून दहाची वाट पायली. मंग अकराची पायली. लोकं उन्हाचे खोळंबले होते. तू पहिलेच एक सांगतला असता, त मी बरफ आनला असता. अमरावतीहून लाद्या आनल्या असत्या. दिवसभर ठेवला असता दादाले."

त्यांना आकडा हवा होता तो बर्फासाठी. आमचे अंतर त्यांच्या अंगणात सुरू होत होते आणि आम्ही ते दोन धावपट्ट्यांमध्ये मोजले. रात्रीच्या त्या फोनवर आम्हाला कदाचित आपण फार लांब नाही असे स्वतःलाच सांगायचे होते. गाव सोडून पंचवीस वर्षे झालेल्या मुलाला, दीड तास, हे दोन शब्द उच्चारताना केवढा आधार वाटला होता, ते आम्हाला अजून आठवते. मराठीत आपण सहज म्हणतो, 'दीड तासाच्या अंतरावर'. अंतर काळात मोजण्याची ही लकब वर्गात एक भाषिक गंमत म्हणून आम्ही समजावून सांगितली आहे. तेव्हापासून ती सांगवत नाही.

दादांची डायरी काकांनी आम्हाला दिली. शेवटच्या पानावर नवे वेळापत्रक होते. नागपूरच्या रस्त्याची वेळ कुठेच नव्हती. त्या वाटेने आम्ही येऊ असे त्यांच्या मनात कधी आले नसावे.

२०२५ च्या पावसाळ्यानंतर आम्ही बेलोऱ्याच्या विमानाने पहिल्यांदा गेलो. आई जाऊन सात वर्षे झाली होती, घराची पडवी पावसाने खचली होती आणि काकांनी बोलावले होते. काका आता एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. आदल्या रात्री त्यांनी फोनवर विचारले, "किती वाजता येशीन?"

आम्ही कागद घेऊन बसलो. घरून पावणेबाराला निघायचे, विमानतळावर दोन तास, विमान अडीचचे. उतरायला सव्वाचार, सामान धरून साडेचार. बेलोरा अमरावतीच्या दक्षिणेला आणि वलगाव उत्तरेला. म्हणजे बडनेरा, अमरावती शहर, मग पेढी. पंचवीसेक किलोमीटर, वाटेत शाळा-कचेऱ्या सुटण्याची वेळ. पावणेसहा आले. आम्ही त्यात पाऊण तास टाकला आणि म्हणालो, "साडेसहा धरा, काका."

"साडेसहा की सात?"

"साडेसहा."

खिडकीजवळची जागा मुद्दाम मागून घेतली होती. काळी माती, कापसाचे आणि तुरीचे पट्टे, एका नदीची चकाकती रेघ. ती पूर्णा असावी असे वाटले. वलगाव दिसले नाही; ते धावपट्टीच्या पलीकडे, शहराच्या मागे राहिले. शेजारच्या आसनावर एक तरुण जोडपे होते आणि बाईच्या मांडीवर ती ओळखीची प्लॅस्टिकची पिशवी होती, आत फाइल. परतीचा प्रवास दिसत होता. पूर्वी यांची आमची गाठ रात्रीच्या डब्यात पडत असे. आम्ही काही विचारले नाही. चाके जमिनीला लागली तेव्हा नवऱ्याने फोन सुरू केला आणि म्हणाला, "हो, आलो. नाही, घरी नाही, बेलोऱ्याले. अजून चांदूर बाजारलोक जाचं आहे."

रस्त्याला त्या दिवशी कसलाही खोळंबा नव्हता. पूल ओलांडला तेव्हा साडेपाचही झाले नव्हते. ऑटो दाराशी थांबला तरी बाहेर कोणी आले नाही. अंगणात बाज उभी करून ठेवलेली होती आणि काका आत झोपलेले होते. काकूंनी पदराला हात पुसत दार उघडले, आमच्याकडे पाहिले, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

"अगं माय," त्या म्हणाल्या, "तुमी त साडेसहाले येनार होते. दूध यायचं आहे अजून."